कांद्याची निर्यातबंदी हेही परराष्ट्र धोरणच

मी निफाड तालुक्यातला. घरची शेती कांद्याची आणि नोकरी राज्यशास्त्र शिकवण्याची. ‘परस्परावलंबन’ ही संकल्पना समजावताना मुलांना मी नेहमी लासलगावच्या बाजार समितीचं उदाहरण दिलं.

याच संकल्पनेत रॉबर्ट केओहेन आणि जोसेफ नाय या राज्यशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये एक महत्त्वाचा भेद मांडला. पुरवठा तुटला की लगेच बसते ती झळ. पर्याय शोधूनही उरते ती अगतिकता. ज्या देशाची अगतिकता कमी, त्याचं पारडं जड.

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात अचानक थांबवली. झळ बांगलादेशाला बसली. पुढच्याच महिन्यात दिल्लीत आलेल्या तिथल्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं जाहीरपणे सांगितलं. पण बांगलादेश हात बांधून बसला नाही. तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तानातून त्याने कांदा आणला, अगदी विमानानेसुद्धा. आपण सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी घातली, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. त्या डिसेंबरात शेतातून निघत होता तो लाल कांदा. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. मिळेल त्या भावाला विकण्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर नव्हतं. अगतिक ठरलो ते आम्ही.

असंच दुर्मिळ खनिजांबाबतही घडलं. २०१० मध्ये सेंकाकू बेटांवरून चीन-जपान तणाव वाढला आणि चीनमधून जपानला जाणारी ही खनिजं अडली. जपानने पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घातला आणि चीनवरचं अवलंबित्व कमी केलं. जी खनिजं शुद्ध करण्याचं तंत्र मोजक्यांकडे आहे, त्यांनाही गिऱ्हाईक पर्याय शोधतं. कांदा तर कितीतरी देश पिकवतात.

शहरातल्या गरिबाला महाग कांदा परवडत नाही, हे मला मान्य आहे. त्याच्यासाठी सरकारने हंगामात रास्त भावाने खरेदी करून साठा करावा आणि टंचाईत तो बाजारात आणावा. निर्यात रोखायचीच झाली, तर आधी पुरेशी सूचना द्यावी, झालेले सौदे पूर्ण होऊ द्यावेत आणि निर्णयापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाचं मत घ्यावं. ‘शेजारी प्रथम’ म्हणणाऱ्या देशाचा शब्द शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात रोज पारखला जातो. त्या शब्दावरचा विश्वास टिकला तर ढाक्यात भारताचं वजन वाढेल आणि निफाडच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईकही टिकेल.