छतातले यंत्र आणि आजींची खोली

ग्वाल्हेरचा उन्हाळा अधिक छळतो की हिवाळा, हा आम्हा ग्वाल्हेरकरांचा जुना वाद आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की उन्हाळ्याच्या बाजूने एकमताने ठराव होतो. जानेवारीत तोच पारा पहाटे ५ अंशांच्या आसपास उतरला आणि चार-चार दिवस धुक्यातून सूर्य दिसला नाही, म्हणजे तो ठराव मागे घेतला जातो. पुण्या-मुंबईच्या नातलगांना यातला दुसरा भाग पटत नाही. त्यांच्या लेखी थंडी म्हणजे एक शाल. येथे मात्र दगडी भिंतींच्या घरात पहाटे तांब्यातले पाणी हातात घेववत नाही, आणि उतारवयाच्या माणसांना तर जानेवारी हा महिना पार पाडावा लागतो.

अशा गावात एकच यंत्र उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देईल असे कोणी सांगितले, तर गृहस्थाचे मन वळणे स्वाभाविक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून घरोघरी या विषयाची चर्चा वाढली आहे. लष्करातील एका परिचित कुटुंबाने मला नुकतेच एक अंदाजपत्रक दाखवले. घरी सहा माणसे. त्यांत शहाऐंशी वर्षांच्या आजी. चार खोल्यांसाठी मिळून छतात दडवायचे एक ‘हॉट अँड कोल्ड’ डक्टवाले यंत्र, तेही ‘बजेटमधले’. चिरंजीव म्हणाले, “सर, भिंतीवर एकही डबा दिसणार नाही. चार स्वतंत्र एसी घेण्यापेक्षा स्वस्तच पडेल. तुम्ही एकदा नजर घाला.” मी काही यंत्रविद्येचा पंडित नव्हे, परंतु अंदाजपत्रक हा शेवटी गद्याचाच एक प्रकार आहे, आणि त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही हे पाहण्याची सवय उत्तरपत्रिका तपासून तपासून लागलेली असते.

प्रथम यंत्राचे तत्त्व पाहू, कारण ते खरोखर सुंदर आहे. शेगडी किंवा बिजलीचा हीटर उष्णता निर्माण करतो. हे यंत्र ती निर्माण करीत नाही, उपसते. मोट पाणी निर्माण करीत नाही, खोलातले वर आणते, तसेच हे. बाहेरची ५ अंशांची हवा आपल्याला बोचते; पण यंत्राच्या नळीतला वायू त्याहूनही थंड केलेला असतो, त्यामुळे त्या हवेतील उष्णता त्या वायूत शिरते, आणि दाबून तापवलेला तोच वायू ती घरात आणून सोडतो. उन्हाळ्यात हाच रहाट उलटा फिरतो. या कल्पनेची मांडणी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ मध्ये केली. आणि झुरिचच्या नगरभवनात १९३८ साली लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता उपसून इमारत उबवणारे यंत्र बसले. उपसण्याचे श्रम निर्मितीपेक्षा कमी, म्हणून एक युनिट विजेत सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता हाती लागते. यात जादू नाही आणि फसवणूकही नाही.

आता हिशेब करू. आजींच्या खोलीत दोन किलोवॅटचा हीटर रोज चार तास आणि हिवाळ्याचे साठ दिवस चालला, तर ४८० युनिटे होतात. तितकीच ऊब उपसून आणली तर सुमारे १६० युनिटे. वाचली ३२०, युनिटला सोयीसाठी ७ रुपये धरले तर वर्षाला २,२४० रुपये. ही बचत खरी आहे, पण ती केवढी आहे हेही डोळ्यांआड करू नये. जेथे सहा-सहा महिने बर्फ पडते तेथे याच यंत्राने घरखर्चाचा नूर बदलतो. आपला हिवाळा बोचरा असला तरी आखूड आहे. एका खोलीचे साधे यंत्र आणि त्याच क्षमतेचे ‘हॉट अँड कोल्ड’ यंत्र यांच्या किमतीतला फरक या २,२४० ने भागून पाहावा. किती हिवाळ्यांत पैसे फिटतात ते कळेल. चार खोल्यांच्या डक्टच्या खर्चाला मात्र हा भागाकार लावण्यात अर्थ नाही. तो खर्च बचतीतून फिटण्याजोगा नव्हेच.

कारण त्या अंदाजपत्रकात यंत्राची किंमत एकूण रकमेच्या निम्म्याच्या आतबाहेर होती. उरलेले पैसे पत्र्याची डक्ट, तिच्यावरचे आवरण, जाळ्या, फॉल्स सीलिंग, तांब्याच्या नळ्या, नवी वायरिंग आणि वाढवून घ्यायचा मंजूर भार यांचे. ‘बजेटमधले’ हे विशेषण फक्त यंत्राला लागू होते, घराला नव्हे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार. फरक इतकाच की येथे मोती स्वस्त आहे आणि नाकच नव्याने करून घ्यायचे आहे.

स्वस्त यंत्रात कोठे हात आखडला जातो तेही समजून घ्यावे. छतात दडवायच्या लहान यंत्राचा पंखा फार जोराचा नसतो. आखूड, सरळ डक्टमधून तो हवा नीट ढकलतो. पण चार वळणे घेऊन शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचताना ती हवा दमते. शेवटची खोली बहुधा वडीलधाऱ्यांची असते. डक्टच्या सांध्यांतूनही हवा निसटते. नियमांचे पालन काटेकोर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेतसुद्धा सर्वसाधारण घरात डक्टमधील २० ते ३० टक्के हवा वाटेतच जाते असे तेथील सरकारी ऊर्जा-कार्यक्रम सांगतो. मग आपल्याकडे पत्र्याला घाईघाईने चिकटपट्टी लावून वर प्लास्टर ऑफ पॅरिसने झाकलेल्या सांध्यांची कथा काय वर्णावी! छताच्या पोकळीला ऊब देण्यासाठी आपण बिल भरणार.

याहून महत्त्वाची गोष्ट परतीच्या हवेची. खोलीत जितकी हवा ढकलली, तितकीच तेथून यंत्राकडे परत आली पाहिजे. चांगल्या योजनेत प्रत्येक खोलीतून परतीची वाट ठेवतात. स्वस्त योजनेत ती एकट्या दिवाणखान्यात असते. रात्री खोल्यांची दारे लागली की हवा कोंडते, आणि यंत्र दिवाणखान्यातलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसते. आमच्यासमोरच्या अंदाजपत्रकात परतीची एकच जाळी होती, तीही स्वयंपाकघराच्या दारासमोर. मी सूनबाईंना एवढेच विचारले, की सकाळी मिरची-हिंगाची फोडणी पडली की ती प्रथम कोठे जाईल? त्या हसल्या. म्हणाल्या, “चारही खोल्यांत, सर, आणि सगळ्यात आधी ह्यांच्या नाकात.”

तापमानाचा ताबाही एकच. थोरल्यांना २६ हवे, धाकट्यांना २२. प्रत्येक खोलीचा प्रवाह निराळा उघडण्या-मिटण्याची झडप मिळते. ती घेतली की ‘बजेट’ हा शब्द गळून पडतो. आणि मुळात आपली घरे चारही खोल्यांत एकाच वेळी वसत नाहीत. दुपारी मंडळी एका खोलीत पडतात, संध्याकाळी दुसऱ्या, रात्री विभागून. डक्टची कल्पना जेथून आली तेथे कडाक्याच्या थंडीमुळे घराचा कोपरान् कोपरा रात्रंदिवस उबदार ठेवावा लागतो. आपल्याकडे एका माणसाच्या झोपेसाठी चार खोल्या गार करण्याचे प्रयोजन काय?

आता या विशिष्ट घराविषयी. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास जेथे पडली तेथे हे लष्कर वसले, आणि जुन्या वस्तीतील घरांची ठेवण अद्याप तीच आहे: अरुंद बोळ, मध्ये चौक, जाड भिंती, चौदा-चौदा फूट उंचीची छते. ही उंची उन्हाळ्यासाठी आहे. ऊन हवा वर जावी आणि माणसाने खाली निवांत बसावे. हिवाळ्यात हाच न्याय उलटतो. छतातून सोडलेली ऊबही छतापाशीच तरंगत राहते, आणि खाली खाटेवर आजी पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. त्यावर उपाय फॉल्स सीलिंगचा. तो केला की उन्हाळ्यासाठी पूर्वजांनी राखलेली उंची आपण पैसे देऊन बुजवतो. शिवाय जाड भिंत सावकाश तापते. यंत्र हवा उबवते, भिंत गारच राहते, आणि तिच्याजवळ बसलेल्या माणसाला हुडहुडी भरते. म्हणून अशा घरात यंत्र निजण्याच्या तासभर आधी लावावे लागते, हे विक्रेते सांगत नाहीत.

येथे उन्हाळ्यापुरते कूलरच्या बाजूने बोलले पाहिजे. वाळ्याच्या ताट्यांचा हा वारसदार एप्रिल-मेच्या कोरड्या लूमध्ये अजूनही गुणवान आहे. ४४ अंशांच्या कोरड्या हवेला चांगला कूलर २७-२८ अंशांपर्यंत उतरवतो, आणि वीज एसीच्या काही अंशानेच घेतो. पाऊस लागून हवा दमट झाली की मात्र त्याची विद्या संपते. म्हणजे एसीची खरी गरज जुलै ते सप्टेंबरच्या रात्री, आणि तीही निजायच्या खोल्यांत.

तारांकनाबद्दल एक सूचना. यंत्रावरील तारे ज्या हंगामी कार्यक्षमतेवरून दिले जातात, ती २४ ते ४३ अंशांच्या बाह्य तापमानासाठी, वर्षाला १,६०० तास धरून काढलेली असते. म्हणजे तारे गारव्याचे आहेत, उबेचे नाहीत. ‘हॉट अँड कोल्ड’ यंत्र घेताना बाहेर ५-७ अंश असताना ते किती उष्णता देते आणि त्यासाठी किती वीज घेते, हे कंपनीच्या तांत्रिक पत्रकातून मागून घ्यावे. पत्रक दाखवायला दुकानदाराने खळखळ केली, तर दुसरे दुकान पाहावे. टनाचाही अर्थ लक्षात असू द्यावा. तो यंत्राच्या वजनाचा नव्हे. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल तितकी उपसण्याची शक्ती म्हणजे एक टन, आजच्या मापात साधारण साडेतीन किलोवॅट. बर्फाच्या लाद्यांनी गारवा विकत मिळे त्या काळाची ही भाषिक खूण.

हे सारे झाले पैशांचे. परंतु त्या घरी गेलो तेव्हा मला खटकली ती आजींच्या खाटेखालची कोळशाची शेगडी. दारे-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून, रात्रभर ती धुमसत असे. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अँगीठीने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, आणि आपण त्या वाचून पान उलटतो. कोळसा अर्धवट जळताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते, आणि गुंगी झोपेसारखीच भासते. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज प्राणघातक आहे. दुसऱ्या बाजूला ऊब नाकारूनही चालत नाही. थंडी जाणवण्याची व तिला तोंड देण्याची शरीराची शक्ती वयाबरोबर मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी जे मार्गदर्शन केले, त्यात थंडीच्या दिवसांत घरातील तापमान १८ अंशांखाली जाऊ न देण्याची शिफारस आहे, आणि वृद्धांसाठी त्याहून अधिक लागू शकेल असेही म्हटले आहे.

तेव्हा चार खोल्यांचा विचार बाजूला ठेवून आजींच्या खोलीपुरता विचार करावा, असे मी चिरंजीवांना सांगितले. तेथे एकच चांगले, इन्व्हर्टरचे ‘हॉट अँड कोल्ड’ भिंतीवरचे यंत्र. दाराखालच्या फटीला पट्टी, खिडकीला जाड पडदा, आणि खाट भिंतीपासून हातभर दूर. छत उंच म्हणून यंत्र फार वर टांगू नये. कंपनीने सांगितलेल्या उंचीतली खालची मर्यादा गाठावी आणि झोत खाली वळवावा. मुलांच्या खोलीत पुढेमागे साधा एसी बसेल. दिवाणखान्यात कूलर आहेच. ज्यांचे घर नवे बांधले जात आहे, छत दहा फुटांचे आहे, फॉल्स सीलिंग कसेही व्हायचेच आहे आणि माणसे दिवसभर सर्व खोल्यांत वावरतात, त्यांनी डक्टचा विचार जरूर करावा. पण प्रत्येक खोलीतून परतीची वाट, प्रत्येक खोलीची झडप, सांधे बुजवण्याची रीत आणि यंत्रापर्यंत हात पोहोचेल अशी झडती-खिडकी, एवढे कागदावर लिहून घेतल्याखेरीज नव्हे. आंधीची धूळ एका मोसमात जाळी बुजवते. ती साफ करण्यासाठी छत फोडावे लागले तर काय उपयोग?

चिरंजीवांना पटले. आजींना शेगडीचा वियोग पटवणे अधिक अवघड गेले. “ती मशीन ऊब देते, पण हात कुठे शेकायचे रे?” हा त्यांचा प्रश्न. त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सूनबाईंनी गरम पाण्याची पिशवी पुढे केली.

हे यंत्र बसवणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. धुक्याच्या पहाटे बाहेरच्या भागावर हिम साचते. ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे आपणहून उलटे फिरते आणि खोलीतला झोत थांबतो. ही बिघाडाची खूण नव्हे. मिस्त्री बोलावू नये. आणि उन्हाळ्यात पाणी घरातल्या भागातून ठिबकते, हिवाळ्यात ते बाहेरच्या भागातून गळते. चौकात किंवा बोळाच्या बाजूला यंत्र टांगण्यापूर्वीच त्या पाण्याची नळी मोरीपर्यंत न्यावी. या कुटुंबाने ती नेली आहे; खालीच शेजारच्या काकूंचे तुळशीवृंदावन आहे.