काचेच्या खाचेला वंगण कोणते?

गळिताचा हंगाम सुरू झाला की रस्त्यांवर धुरळा उठतो आणि सभासद बंधूंच्या जीप-मोटारींच्या काचा अडकू लागतात. मग घरात सापडेल ते तेल खाचेत ओतायचे, ही आपली जुनी खोड. आमचे स्पष्ट मत असे की, हा उपाय नव्हे, अपाय आहे.

काच ज्या खाचेतून सरकते तिला रबराचे अस्तर असते. खनिज तेलाने किंवा ग्रीसने ते रबर फुगते, मऊ पडते. वर तेलाला धूळ चिकटून त्याचा चिखल होतो. चार दिवस काच झकास सरकते, पाचव्या दिवशी पुन्हा घट्ट! बटणावर चालणारी काच असेल तर मोटारीवर ताण येऊन ती जळायचीही भीती. तो खर्च कुणी सोसायचा?

तेव्हा आधी ओल्या फडक्याने खाच पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉनचा स्प्रे बेताने मारा. रबराला तो बाधत नाही. काच चार-पाच वेळा वर-खाली करा, काचेवर उडालेले पुसून घ्या. ग्रीसची जागा दाराच्या आतल्या, काच उचलणाऱ्या लोखंडी सांगाड्यावर. एवढे करूनही काच अडली तर रबर फाटले असेल, मिस्त्रीला दाखवा.

कारखान्यात ज्या-त्या यंत्राला ज्याचे-त्याचे वंगण लागते. घरच्या गाडीलाच दुसरा न्याय का?