खांदेरीच्या दीपगृहाची निगा वादळाआधीच घ्या

मा. अध्यक्ष,
मुंबई बंदर प्राधिकरण यांस,


३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला झोडपून गेले. असे तडाखे यापुढेही बसणार, हे धरूनच चालले पाहिजे. म्हणून थळ गावासमोर भर समुद्रात उभ्या असलेल्या खांदेरीच्या दीपगृहाविषयी हे पत्र.

१८६७ सालचा हा अष्टकोनी दगडी मनोरा दीडशेहून अधिक पावसाळे अंगावर घेऊन उभा आहे. त्याच बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रज आणि सिद्दी दोघांना तोंड देत किल्ला बांधायला घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी आहे. पण किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचे संरक्षित स्मारक, आणि बत्ती आपल्याकडे. उद्या वादळाने तटाचा चिरा निखळला आणि मनोऱ्यालाही तडा गेला, तर एकाच बेटाच्या दुरुस्तीसाठी दोन दारे ठोठावावी लागतील.

याउलट उदाहरण पाहा: फ्लोरिडातील सॅनिबेल बेटावर १८८४ सालचे लोखंडी दीपगृह आहे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयन चक्रीवादळाने त्याचा एक पाय तोडून नेला, रखवालदारांची जुनी घरे वाहून गेली. मनोरा शहराच्या मालकीचा; जबाबदारी कोणाची हे आधीच ठरलेले होते. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे पाच महिन्यांत, तिथला दिवा पुन्हा लागला.

दगडी बांधकामाला मात्र घाईची मलमपट्टी चालत नाही. खारे पाणी सांध्यांत मुरते, ऊन पडले की पाणी उडून जाते आणि मीठ आत राहते. त्याचे खडे वाढत जातात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. अशा सांध्यांत सिमेंट भरले की ओलाव्याला बाहेर पडायची वाट उरत नाही. मग सांधा शाबूत राहतो आणि दगड झिजतो. दरजा चुन्यानेच भरायला हव्यात, त्याही पावसाळा सरल्यावर, चुना ओला ठेवून सावकाश मुरू देत. हे काम जाणणारे गवंडी वादळानंतर शोधत बसण्यात अर्थ नाही.

म्हणून तीन मागण्या आहेत. पुरातत्त्व संचालनालयासह मनोऱ्याची संयुक्त पाहणी करून, मोजमापाची रेखाचित्रे काढून अहवाल लोकांसमोर ठेवावा. वादळानंतर बेटावर आधी कोण पोहोचणार, तातडीच्या खर्चाला मंजुरी कोण देणार, हे दोन्ही कार्यालयांनी आजच लेखी ठरवावे. आणि २०२१ च्या सागरी नौवहन साहाय्य कायद्यात वारसा दीपगृह घोषित करण्याची जी तरतूद आहे, तिच्याखाली खांदेरीचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा.

आज कोळ्यांच्या होड्यांवर जीपीएस आहे, हे खरे. पण यंत्र बंद पडते, बॅटरी संपते. तेव्हा तांडेलाची नजर बत्तीच शोधते. हा मनोरा वारसा आहे आणि कामातलाही आहे. त्याची पाहणी येत्या पावसाळ्याआधी आणि दुरुस्ती पावसाळा संपताच सुरू करावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
अलिबाग तालुक्यातील एक किनारवासी