कणसाआधीचा मका

मक्याच्या कणसावरच्या दाण्यांच्या ओळी मोजल्या तर त्या बारा भरतात, चौदा भरतात, कधी सोळा-अठराही भरतात. तेरा किंवा पंधरा जवळजवळ कधीच भरत नाहीत. बांधावर उभे राहून कोणालाही पडताळता येईल अशी ही गोष्ट आहे. कोवळ्या कणसावर जे उंचवटे उमटतात, त्यातला प्रत्येक उंचवटा दुभंगतो आणि त्याची दोन कणिशके होतात. एका कणिशकात एकच दाणा टिकतो, म्हणून ओळी जोडीनेच वाढतात. या ओळी किती असणार, हे झाड सहा-आठ पानांवर असताना ठरू लागते. त्या वेळी शेतकऱ्याचे लक्ष कोळपणीकडे आणि युरियाच्या पुढच्या हप्त्याकडे असते. कणीस अजून कोणाच्या मनातही आलेले नसते.

पाच पानांचे रोप मुळासकट उपटून चाकूने उभे चिरले, तर वाढीचा शेंडा जमिनीच्या पातळीखालीच दडलेला दिसतो. गारपिटीने पाने फाटलेला कोवळा मका पुन्हा उठतो तो त्यामुळेच. पुढे दहा-बारा पानांवर त्याच वाणाचे दुसरे झाड घेऊन एकेक पान पेरापासून सोलत गेले, तर बहुतेक पानांच्या बेचक्यात एकेक इवलासा कोंब सापडतो. त्यातला प्रत्येक कोंब कणीस होऊ शकला असता. झाड मात्र एखादेच कणीस पोसते आणि बाकीचे जागच्या जागी थांबवते. हे थांबवणे कोण करते, याचा शोध मक्याच्या अनुवंशशास्त्रातला सगळ्यात बोलका शोध आहे.

मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे. मेक्सिकोच्या नैर्ऋत्येकडील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाने त्याला लागवडीखाली आणले. टिओसिंटेचे झाड झुडपासारखे फुटवे घेते आणि त्याच्या कणसात कठीण कवचातले पाच ते बारा दाणे असतात. या दोघांचे नाते आहे हेच कित्येक वनस्पतिशास्त्रज्ञांना पटत नव्हते. जॉर्ज बीडल यांना 1958 चे नोबेल बुरशीवरच्या कामासाठी मिळाले. त्यांचा तरुणपणीचा ध्यास मात्र मका हाच होता. निवृत्तीनंतर त्यांनी मका आणि टिओसिंटे यांचा संकर करून दुसऱ्या पिढीची सुमारे पन्नास हजार झाडे वाढवली. साधारण पाचशे झाडांमागे एक हुबेहूब मक्यासारखे आणि एक हुबेहूब टिओसिंटेसारखे निघाले. या प्रमाणावरून त्यांनी हिशेब मांडला, की दोघांमधला मोठा फरक चार-पाच प्रमुख जनुकांनी घडवला असावा.

जॉन डोबली यांच्या गटाने 1997 मध्ये त्यातले एक जनुक हाती आणले : टिओसिंटे ब्रँच्ड 1, म्हणजेच टीबी 1. हे जनुक बेचक्यातल्या कोंबांची वाढ दाबून धरते. मक्यात ते टिओसिंटेच्या साधारण दुप्पट काम करते, म्हणून मका फुटवे न घेता एका धाटावर उभा राहतो. या जनुकाच्या प्रथिनात काहीच बदललेले नव्हते. 2011 मध्ये कळले, की जनुकापासून डीएनएची सुमारे साठ हजार अक्षरे अलीकडे ‘हॉपस्कॉच’ नावाचा एक उडता घटक, म्हणजे जनुकसंचात जागा बदलू शकणारा डीएनएचा तुकडा, येऊन बसला आहे आणि तोच जनुकाचे काम वाढवतो. तो माणसाने आणलेला नव्हता. लागवड सुरू होण्याच्या हजारो वर्षे आधीपासून तो काही रानटी झाडांत होता. शेतकऱ्याने फक्त ती झाडे निवडली. असे उडते घटक प्रथम मक्यातच ओळखले ते बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी, आणि त्यांना 1983 चे नोबेल मिळाले. 2009 मध्ये बी 73 या वाणाचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यातला सुमारे 85 टक्के भाग अशाच घटकांचा निघाला. ज्याला निरुपयोगी पसारा समजले जाई, तिथे झाडाचा आकार ठरवणारी कळ सापडली. पैदासकाराने ही गोष्ट विसरता कामा नये.

हा इतिहास इथे सांगण्याचे कारण आजचे आहे. इथेनॉलमुळे मक्याला मागणी आली, कुक्कुटखाद्याची मागणी होतीच, आणि राज्यात नाशिकपासून जळगाव, जालना, सांगलीपर्यंत मक्याचे क्षेत्र लक्षणीय आहे. अशा वेळी ‘जास्त उत्पादन देणारा वाण’ या शब्दांत नेमके काय मागायचे, हे ठरवले पाहिजे. अमेरिकेत डोनाल्ड ड्युविक यांनी 1930 च्या दशकापासूनचे जुने-नवे संकरित वाण शेजारी शेजारी पेरून पाहिले. विरळ लागवडीत एका झाडाचे उत्पादन दशकानुदशके फारसे वाढलेले नव्हते. वाढली होती ती दाटीत तग धरण्याची ताकद. तिकडे हेक्टरी तीस हजारांच्या आसपास असलेली झाडे पुढे ऐंशी हजारांच्या घरात गेली. पाने उभी झाली, तुरे लहान झाले, आणि दाटीत वांझ राहणारी झाडे कमी झाली. उत्पादनवाढीचा मोठा भाग झाडाच्या ठेवणीत होता.

आपल्याकडे 75 बाय 20 सेंटिमीटरवर टोकण केली तर हेक्टरी सुमारे 66 हजार झाडे बसतात, 60 बाय 20 वर 83 हजार. शिफारस कागदावर दाट आहे. त्या दाटीला साजेशी ठेवण वाणात आहे का, हा खरा प्रश्न. फुलोऱ्याच्या तारखा, झाडाची आणि कणसाची उंची हे रकाने चाचण्यांच्या तक्त्यात असतात. निवड करताना मात्र बहुतेकांची नजर थेट उत्पादनाच्या रकान्यावर जाते. पानाचा कोन, तुऱ्याच्या फांद्या, वांझ झाडांचे प्रमाण यांना फार तर शेऱ्यात जागा मिळते.

पानाच्या कोनाचेच घ्या. चिनी संशोधकांनी 2019 मध्ये दाखवले, की यूपीए 2 या ठिकाणच्या अवघ्या दोन अक्षरांच्या फरकाने एका दूरच्या जनुकाचे काम कमी होते आणि पान धाटाला जवळ येते. पान उभे करणारे ते रूप टिओसिंटेत होते. मका माणसाळताना मागे पडले. ते परत आधुनिक मक्यात आणल्यावर दाट लागवडीत उत्पादन वाढले. उंचीची गोष्टही अशीच. ब्रॅकिटिक 2 या जनुकात बिघाड झाला की ऑक्सिन संप्रेरकाची वाहतूक अडते आणि खालची पेरे आखूड राहतात. वादळी पावसात लोळणाऱ्या पिकाचा ज्यांनी अनुभव घेतला आहे, त्यांना आखूड पेराचे मोल वेगळे सांगायला नको. मुरघासासाठी मका लावणाऱ्या दूध उत्पादकाला मात्र आफ्रिकन टॉलसारखी उंच, पानेदार ठेवणच हवी. एकच आदर्श झाड सगळ्यांच्या कामाचे नाही, हे वाण देणाऱ्याने स्पष्ट सांगितले पाहिजे.

सर्वांत निकडीची बाब आहे फुलोऱ्याची. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की तुरा वेळेवर येतो, पण कणसाचे केस लांबत नाहीत. ते उशिरा बाहेर पडतात आणि तोवर परागकण झडून गेलेले असतात. कणसाच्या बुडाचे केस आधी निघतात, टोकाचे शेवटी. टोकाला दाणे न भरलेले कणीस हातात आले, तर त्यामागे अनेकदा हा ताटातुटीचा हिशेब असतो. मेक्सिकोतील सिमिट संस्थेत एडमीड्स आणि बोलान्योस यांनी पाण्याच्या ताणाखाली पिढ्यान् पिढ्या निवड केली. तुरा आणि केस यांतले अंतर जसे घटले, तसे ताणातले उत्पादन वाढले. त्यासाठी महाग यंत्रे लागली नव्हती. रोज सकाळी ओळीतून फिरणारा माणूस आणि नीट ठेवलेली वही, एवढे पुरते. बीजोत्पादकांसाठी तर नर आणि मादी ओळींचा फुलोरा जुळणे हाच वर्षाचा नफा-तोटा आहे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. एखाद्या जनुकाचे नाव कळले म्हणजे वाण तयार झाला असे नाही. 2009 मध्ये जवळपास दहा लाख झाडांवर फुलोऱ्याचा अभ्यास झाला. तेव्हा फुलोऱ्याची वेळ अनेक जनुकांच्या लहान लहान वाट्यांनी ठरते असे दिसले. ओपेक 2 या जनुकाने दाण्यातले लायसिन वाढते, हे 1964 मध्येच समजले होते. पण दाणा पिठूळ झाला, उत्पादन घटले, आणि सुरिंदर वासल व इव्हँजेलिना विल्येगास यांना तो कठीण, विक्रीयोग्य करण्यासाठी पुढे वर्षानुवर्षे खपावे लागले. त्या कष्टांतून उभ्या राहिलेल्या दर्जेदार प्रथिनांच्या मक्यासाठी त्यांना 2000 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतात 2022 पासून जनुक-संपादनाच्या काही प्रकारांना नियमांत सवलत आहे आणि 2025 मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीरही झाले. मक्यात ही कात्री हाती घ्यायची, तर कुठे लावायची हे शेतातल्या निरीक्षणानेच सांगता येईल.

म्हणून या मासिकाची कृषी विद्यापीठांतील पैदासकारांना, बियाणे कंपन्यांच्या चाचणी विभागांना आणि बीजोत्पादक गटांना विनंती आहे, की येत्या खरिपात किमान एक चाचणी दोन वेगवेगळ्या दाट्यांवर घ्यावी. प्रत्येक वाणाचे तुरा-केस अंतर दिवसांत, वरच्या पानांचा कोन, तुऱ्याच्या फांद्या आणि वांझ झाडांची संख्या नोंदवावी. ज्या वाणाचे उत्पादन चांगले आले पण ताणात अंतर वाढले, त्याचीही नोंद तितक्याच मोकळेपणाने पाठवावी. आलेल्या नोंदी वाण आणि ठिकाण यांच्या नावानिशी आम्ही छापू.