पिठाचा कोंबडा



नांदेडला नणंदबाईंकडे इंजिनिअरिंगचा भाचा 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' खेळत होता. २०२०चा गेम, सूडाची कथा, नुसता रक्तपात. "मामी, खरं कोण मरतंय?" म्हणे. अरे, यशोधर राजानं तरी खरा कोंबडा कुठे मारला होता? पिठाचाच! तरी मायलेकांना किती भव पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावं लागलं.

पण शेजारी बसून पाहिलं (चहा गार झाला). त्यात कुणी मेला की सोबती त्याचं नाव घेऊन ओरडतात. कुत्रा मेला तरी त्याचं नाव घेतात. शेवटी एली हाती लागलेल्या वैरिणीला सोडून देते. भाचा गप्प.

हा गेम 'घाणेरडा', बंद करा म्हणतो आपण. अन् लातूरला क्लासला ठेवलेल्या पोरांच्या मोबाइलमधला गोळीबार मात्र 'विरंगुळा'! तिथे मेलेल्याला नाव नाही, रडणारं कुणी नाही, नुसती मोजणी. मला त्याचीच जास्त भीती वाटते. पर्युषणात हिरवी भाजी सोडतो ना, मग ते दहा दिवस हाही डाव सोडायला लावा.

काल माझ्याच मुलाला विचारलं, आज किती मारलेस?

"बावीस," म्हणाला. ताटावरून मानही वर केली नाही.