कुलूप दिसतंय, पण शिक्का कोण तपासतंय?

ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसलं की आपण निर्धास्तपणे पासवर्ड टाकतो. त्या कुलपामागे डिजिटल प्रमाणपत्र असतं. ते खरं की बनावट, हे आपला कॉम्प्युटरच तपासतो. पण तपासणाराच चुकला तर?

जानेवारी २०२० मध्ये विंडोज १० बाबत नेमकं हेच उघड झालं. एका ठरावीक प्रकारच्या प्रमाणपत्रात विंडोज फक्त चावी जुळते का ते बघत होतं; ती चावी कोणत्या गणिती आकड्यांवरून बनली, हे नीट पाहतच नव्हतं. म्हणजे शिक्क्यावरची अक्षरं वाचली, साचा बघितलाच नाही. त्यामुळे बनावट वेबसाइट किंवा सॉफ्टवेअर अस्सल म्हणून खपवता येत होतं.

ही चूक मायक्रोसॉफ्टला कळवली ती अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण याच संस्थेने विंडोजमधली आधीची एक चूक हेरगिरीसाठी दडवून ठेवली होती. तिचं हत्यार बाहेर फुटलं आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने ब्रिटनची सरकारी रुग्णालयं अडवली.

चूक सापडली की ती वेळेत सांगणं, हीच खरी सुरक्षा. आपल्याकडच्या यंत्रणांनीही हाच नियम पाळला पाहिजे, आणि आपण तो मागितला पाहिजे.

आणि मंडळी, आपलंही एक काम आहे. १४ जानेवारीलाच दुरुस्ती आली होती, पण 'नेट संपतं' म्हणून अपडेट बंद ठेवणाऱ्याच्या ती काय कामाची? आज दुकान बंद करण्याआधी तेवढं अपडेट बघाच.