उसनी नाडी

घरात कोणी डॉक्टर व्हायला निघाले की पहिला रोगी घरचाच असतो. आमची पुतणी यंदा वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला गेली, वॉर्डात जाऊ लागली, आणि सुट्टीत घरी येताच फराळाच्या ताटाआधी प्रत्येकाचे मनगट तिने ताब्यात घेतले.

नाडी अंगठ्याने पाहायची नसते, कारण पाहणाऱ्याला स्वतःच्याच अंगठ्यातला ठोका लागू शकतो. तीन बोटे ठेवून मिनिटभर मोजायचे, हे मला तेव्हा कळले. रक्तदाबाचा पट्टा बांधण्यापूर्वी तिने मला पाच मिनिटे गप्प बसवले. पंचवीस वर्षांच्या संसारात हे कोणाला साधले नव्हते! तिच्या वडिलांनी नुकताच चहा घेतलेला, म्हणून त्यांना अर्धा तास थांबावे लागले. पट्टा फुगला, हवा हळूहळू सुटू लागली. ठोका प्रथम ऐकू येतो तो वरचा आकडा, नाहीसा होतो तो खालचा. रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली हीच युक्ती जगाला सांगितली.

आजीचे पोट तपासायची वेळ आली तेव्हा आजी म्हणाली, "हात गार आहेत तुझे. आधी चोळून ये." पुतणी हसली. "आजी, सरांनीही पहिल्या दिवशी हेच सांगितलं!"

पण वाचकहो, आजीला असे म्हणता येते. वॉर्डातल्या बाईचे काय?

पुतणीने सांगितले, की एका खाटेवर पानथरी वाढलेली बाई होती आणि ती चाचपायला विद्यार्थ्यांची रांग लागली होती. हिची पाळी सहावी. हिने विचारले, "मावशी, हात लावू का?" बाई म्हणाली, "इचारलंस गं बाय, म्हनून लाव. सकाळधरनं कुनी इचारलंच न्हाई."

नाही म्हटले तर औषधपाणी थांबेल, ही धास्ती फुकटच्या खाटेवर असतेच. आणि त्या पोटावाचून कोणी डॉक्टर होत नाही, हेही खरे. आपण मोठी फी मोजून ज्या सराईत बोटांकडे जातो, ती बोटे अशाच कोणा मावशीच्या पोटावर शिकलेली असतात. ते देणे आपल्या बिलात कुठे लिहिलेले नसते.

गळ्यातला तो स्टेथॉस्कोपसुद्धा संकोचातूनच जन्मला. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉक्टर लेनेक यांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली, आणि हृदयाचे ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले. रोग्याची अदब राखल्याने विद्येचे काही अडले नाही. उलट ती पुढे गेली.

तेव्हा तुमच्या घरी असा कोणी शिकाऊ डॉक्टर असेल, तर हात जरूर पुढे करा. मात्र त्याने विचारल्याशिवाय करू नका. घरी लागलेली ही सवय उद्या कोणा मावशीच्या उपयोगी पडेल.